कापलेलं मरण

९ नोव्हेंबर २०२५, तिसगाव

आज त्या हरामखोरांचा फोन आला. इतक्या वर्षांनी!

मी वावरात कापसाच्या वजनाला उभा होतो. आमची सून मोनिका बांधावरून पळत आली. "आण्णा, पुन्याहून फोन हाय. 'झुंजार बुरूज'वाल्यांचा." त्या सिनेमाचं नुसतं नाव ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तागडी तशीच सोडून फोन घेतला.

पलीकडे रुचा नावाची कुणी पोरगी. गोड बोलत होती. "काका, पुढच्या वर्षी सिनेमाला दहा वर्षं होतील. आम्ही तो पुन्हा आणतोय. त्याच्यासोबत न दाखवलेली दृश्यं आणि कलाकारांच्या आठवणी इंटरनेटवर टाकणार आहोत. तुम्ही बोलाल का कॅमेऱ्यासमोर?"

मी म्हटलं, "बोलतो की. लई बोलतो."

मनात म्हटलं, ये बाई, ये. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय का? तुझ्या त्या शौनकसाहेबाची अशी काढतो की पुन्हा नगर जिल्ह्यात पाय ठेवणार नाही.

१० नोव्हेंबर

खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. कालपासून लिहायला घेतली. घरात माझी बडबड कुणी ऐकून घेत नाही, कागद तरी ऐकेल. आणि कॅमेऱ्यासमोर काहीएक विसरायला नको.

तर झालं असं. करंजी घाटाजवळच्या माळावर त्यांनी लाकडाचा आणि प्लास्टरचा बुरूज उभा केला होता. शौनक हा दिग्दर्शक, पुण्याचा, काडीसारखं पोरगं. गावच्या यात्रेतल्या नाटकात जन्मभर राजे मीच केलेले. माझा आवाज ऐकून त्यानं जागच्या जागी मला म्हातारा किल्लेदार दिला. छोटं काम, पण शेवटी मरण होतं. तेही साधंसुधं मरण नव्हे! छातीत भाला, त्याच्यावर भाषण, मग कोसळायचं, मग तिरडी, मग बायांचा आकांत.

तिरडी त्यांनी आणली ती शिडीसारखी. गावकरी हसले आणि खरी बांधून दिली, सुंभ, कडबा, सगळं रीतसर. माझ्या बायकोचं काम करणारी नटी उन्हानं चक्कर येऊन पडली. सगळे कपाळाला हात लावून बसले. तेव्हा मीच म्हटलं, "साहेब, खरी बायको तिकडं घोळक्यात उभी हाय की! खरी सोडून खोटी कशाला?" आमची छबू रडणाऱ्या बायांत रोजानं आली होती. ती आढेवेढे घ्यायला लागली. मी डोळे वटारले तेव्हा बसली. तिला काय करायचं होतं? पाठमोरं बसायचं, बस्स.

मी मेलो. शौनक ओरडला, "आण्णा, पोट हलतंय!" मग मी श्वास असा कोंडला की डॉक्टर फसला असता. नाकाशी माशी आली, तरी पापणी हलू दिली नाही. आणि काय टाळ्या पडल्या! सगळा माळ वाजवत होता. मेलेल्या माणसाला टाळ्या पडल्याचं कुणी ऐकलंय का? मला पडल्या.

सिनेमा लागला तेव्हा टेम्पो भरून माणसं नगरला नेली. भावकी, पाव्हणे, तालमीतली पोरं. छबू तेवढी आली नाही. म्हणाली, म्हैस व्यायला झालीय. म्हैस पुढच्या महिन्यात व्याली. बायकांना कौतुक नसतंच.

पडद्यावर मी बुरुजाच्या दारातून आत गेलो. आणि गेलो तो गेलोच. पुढं हिरो घोड्यावर येतो आणि म्हणतो, "किल्लेदार पडले." संपलं! भाषण नाही, भाला नाही, तिरडी नाही. दोन शब्दांत मारलं मला. आणि आमच्या गल्लीतला श्रीमंत नावाचा गडी, जो विहिरीपाशी नुसता मुडदा होऊन पडला होता, त्याचं थोबाड अख्ख्या पडद्यावर! तेव्हापासून श्रीमंत गावात नट झाला आणि मी 'डिलीट आण्णा'. परवा सोसायटीच्या चेअरमननं सत्काराला मला माईकवरून त्याच नावानं पुकारलं. लोक हसले. मी नारळ घेतला आणि खाली उतरलो.

शौनकला तेव्हा फोन केला तर म्हणाला, "आण्णा, लांबी वाढत होती." लांबी! तुझ्या लांबीला लागली आग.

१३ नोव्हेंबर

काय काय सांगायचं ते मनात पक्कं केलंय.

हिरो घोड्याला भ्यायचा. रणात घोडा उधळतो तो सगळा सीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर झालाय. पिंपावर खोगीर बांधलं, वर हा बसला, आमच्या लेकानं, ओंकारनं, ट्रॉली खड्ड्यातून नेली. तरी हा "आई गं, आई गं" करत होता. त्याची एक मिशी आमटीत पडली. ती त्यानं कोथिंबीर समजून चावली. तलवारींचा रंग घामानं उतरायचा, मावळ्यांच्या मुठी चंदेरी.

आणि शौनक. शेवटच्या दिवशी सकाळी तो बुरुजामागे एकटाच रडत बसला होता. गुडघ्यात डोकं घालून. पैसा संपला असेल, नाहीतर हिरोनं झापलं असेल. हे मी सांगणार. सगळ्या महाराष्ट्राला कळू दे, कसला भेकड दिग्दर्शक होता तो.

दुपारी बाजेवर पडून मरणाचं भाषण म्हणून पाहिलं. सगळं पाठ आहे अजून. "बुरूज ढासळला तरी चालेल, पण दार आतून उघडणार नाही!" म्हटलं आणि डोळे मिटले. छबू भाकरी करत होती. तिनं उलथनं आपटलं आणि उठून गोठ्यात गेली. तव्यावरची भाकरी करपली. माझ्या कलेचं या घरात कायम असंच होत आलंय.

१७ नोव्हेंबर

सोमवार. छबूचा उपवास. त्या शूटिंगच्या साली धरले, ते अजून सुटेनात. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणते, गुडघ्यासाठी. गुडघे आहेत तसेच आहेत.

२० नोव्हेंबर

आले एकदाचे. रुचा, कॅमेरावाला आणि एक दिवेवाला. अंगणात लिंबाखाली खुर्ची मांडली. मी फेटा बांधला. श्रीमंत बोलावलं नसताना कुंपणापाशी येऊन उभा राहिला. म्हटलं, राहा, ऐक तूही.

आणि मी सोडलं. काही म्हणजे काही ठेवलं नाही. हिरोची ट्रॉली, आमटीतली मिशी, चंदेरी मुठी, सगळं. शौनकला तर उभा आडवा सोलला. म्हटलं, "ज्यानं माझं मरण चोरलं त्याला चांगलं मरण येनार न्हाई, माझा तळतळाट हाय." बोलून झालं तेव्हा घसा बसला होता.

रुचा डोळे पुसत होती. मी म्हटलं, लागलं हिला. कसलं काय! हसून हसून पाणी आलं होतं. "काका, अप्रतिम! आम्हाला अगदी हेच हवं होतं. याचीच जाहिरात करू आपण. हिरोसर स्वतः पाहून लोळतील!"

घ्या. मी वाभाडे काढले आणि यांची जाहिरात झाली. कुंपणापाशी श्रीमंतही खी खी करत होता. अंगावर धावून जावंसं वाटलं.

मग ती म्हणाली, "काका, खरी गोष्ट तर सांगायचीच राहिली. तुमचा तो प्रसंग सापडलाय. पूर्ण. सगळ्यात आधी तोच टाकायचा विचार आहे. तुमचा होकार हवा."

सापडलाय! श्रीमंतचं हसणं तिथंच थांबलं, हे मी नीट पाहून घेतलं. पण लगेच हो म्हणायला मी काय उकिरड्यावर पडलोय? म्हटलं, "शौनकला सांग, सीन पायजे आसंल तर तिसगावच्या चौकात ये आन माझ्या पाया पड. मग देतो."

"येतीलही सर," ती म्हणाली. हसली नाही.

तेवढ्यात छबू चहा घेऊन आली. रुचा खुर्चीवरून उठलीच. "मावशी म्हणजे याच का?" म्हणून वाकून पाया पडली. माझ्या पाया नाही पडली! मी कलाकार आणि नमस्कार चहावालीला. छबूनं पाय मागं घेतले, त्यात बशीत चहा सांडला. कपबशा तिथंच ठेवून ती आत गेली.

२२ नोव्हेंबर

खूप विचार केला. पहिल्यांदा वाटलं, नाही म्हणावं. माझ्यावाचून अडलंय ना त्यांचं? बसा मग बोंबलत. पण नाही म्हटलं तर मेलो ते मेलोच, पुन्हा कुणी बघणार नाही. आणि श्रीमंत मरेपर्यंत नट राहणार.

म्हणून हो म्हणायचं. चौकात मोठा पडदा लावीन, जनरेटर आणीन. श्रीमंतला पुढं, माझ्या शेजारी बसवीन. चेअरमनलाही. आणि पडद्यावर भाला लागला की मी पडद्याकडे बघणार नाही, या दोघांच्या तोंडाकडे बघीन. पुरेपूर वसूल करीन.

जेवताना हे सगळं बोललो. मोनिका म्हणाली, "भारी होईल आण्णा." छबूनं एवढंच विचारलं, "आख्खा दावनार? तिरडीसकट?"

"मग? तिरडीबिगर मरन आसतंय व्हय?"

ती ताटावरून उठली. म्हणाली, भूक न्हाई. सोमवारही नव्हता.

२६ नोव्हेंबर

आज मोनिकाच्या मोबाईलवर तो सीन आला. लिहायला बसलोय, पण नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

आम्ही दोघंच ओसरीवर होतो. छबू शेताकडं गेली होती. मी चष्मा लावला. आधी पाटी आली, मग मी. भाला लागला, भाषण सुरू झालं. खोटं कशाला लिहू, मला वाटलं होतं तितकं ते उतरलं नव्हतं. हात फार हलत होते. मोनिकानं मधेच जांभई दिली. मी म्हटलं, थांब, पुढं बघ.

मी कोसळलो. तिरडीवर घेतलं. शौनकचा आवाज आला, "आण्णा, पोट!" आणि माझं पोट थांबलं. अगदी थांबलं. मला माझाच अभिमान वाटला.

छबू पाठमोरी बसली होती. सिनेमावाल्यांची एक म्हातारी दगड घेऊन तिच्या बांगड्या फोडायला आली. छबूनं दोन्ही हात पदरात घातले. म्हातारी ओढतेय, ही देत नाही. मागून कुणीतरी हात घातला आणि तिचं कुंकू पुसलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या पोटाकडे बघत होती. मान थोडी वळलेली, म्हणून कळत होतं. वाट बघत होती. पोट हलेना.

मग तिनं म्हातारीला ढकललं आणि गुडघ्यांवर फरफटत पुढं आली. माझ्या नाकाखाली बोट धरलं.

माशी नव्हती ती. आणि माशी समजून मी श्वास आणखी आवळला.

बोट तिथंच होतं. मग ती ओरडली. बाळंतपणातही मी तिला असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "अवो, उठा! मला न्हाई करायचं ह्ये! उठा की वो!" माझ्या छातीवर दोन्ही हातांनी मारत होती. आणि मी टोणगा डोळे मिटून पडलेला. मला वाटलं होतं, बरं काम करतेय छबू.

टाळ्या पडल्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती. एक पोरगा डोळे पुसत वाजवत होता. तेव्हा मी तिरडीवर उठून बसलो आणि माणसांना नमस्कार करायला लागलो, इकडं, तिकडं, चारी बाजूंनी. ती माझ्या मांडीला धरून बसलेली. मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सगळं दिसतंय त्यात.

मोनिका रडायला लागली. तिनं पुन्हा लावायला बोट नेलं, मी मोबाईल हिसकून घेतला.

सीनच्या खाली रुचाचा बोललेला निरोप होता. "काका, सर म्हणालेत, मावशींच्या होकाराशिवाय टाकायचा नाही. तेव्हा त्यांनी हात जोडले म्हणूनच सरांनी तो काढला होता."

२७ नोव्हेंबर

रात्रभर छबूचाच राग राग केला. म्हणजे शत्रू घरातच होता! मी चौकात तोंड लपवत फिरलो, आणि ही सगळं जाणून माझ्या ताटात भाकरी वाढत होती. सकाळी धार काढत होती तिथं जाऊन उभा राहिलो.

"तू कापायला लावलंस?"

तिनं धार थांबवली नाही. "व्हय."

"का म्हनून?"

"दुसऱ्या दिशी सकाळी गेल्ते. भाकरी बांधून नेली त्या पोराला. म्हनलं, लेकरा, धनी जित्ता असताना मला रंडकी दावू नगंस. त्यो म्हनला, मावशी, अख्ख्या सिनेमात एवढं खरं दुसरं काय न्हाई. म्हनलं, खरं हाय म्हनूनच नगं. मग रडला. लई रडला. आन म्हनला, काढतो."

"आन मला का सांगितलं न्हाई?"

"त्यो बी म्हनला, आण्णांना काय सांगू? म्हनलं, सांगूच नगंस. माझ्यावर चिडले तर मला हितंच ऱ्हायचंय. तुझ्यावर चिडले तर तू पुन्याला आसशील."

"आगं पन मी त्याच्या आयमायचा उद्धार करत आलो, आन तू नुसती ऐकत बसलीस?"

"ऐकायची की. सकाळी उठल्या उठल्या तुमी शिव्या द्यायला लागला की बरं वाटायचं. म्हनायची, हायेत."

तरी चिडूनच म्हटलं, "मग आता काय करायचं? दावायचा का न्हाई?"

तिनं चरवी उचलली. "तुमची विच्छा. तुमी लई सोसलंय त्याच्यापायी. माजी काय, पाठच हाय." पदरानं कपाळ झाकत आत गेली.

२८ नोव्हेंबर

श्रीमंत घरी आला होता. म्हणाला, पडद्याच्या खर्चात मी पण वाटा उचलतो आण्णा, गावाची शान हाय. लेकाचा आता चिकटायला बघतोय. चेअरमनचाही निरोप आला, तारीख कळवा म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी 'भिमाजीराव' म्हटलं.

२९ नोव्हेंबर

आज फोन लावला.

ओसरीवर उभा राहून लावला, मुद्दाम, आत चुलीपाशी छबूला ऐकू जावं म्हणून. तिच्यासाठी नाही म्हणतोय असं तिला कळता कामा नये. एकदा कळलं की जन्मभर ऐकवेल, आणि मलाही ते झेपायचं नाही. रागानं नाही म्हणतोय असंच वाटलं पाहिजे. मी गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"रुचाबाई, सांग तुझ्या शौनकला! भिमाजीचा सीन मिळनार न्हाई! त्यानं मला दोन शब्दांत मारलं, मी एका शब्दात मारतो. न्हाई! पाया पडला तरी न्हाई! लोटांगन घालत आला तरी न्हाई! ह्यो माझा सूड हाय, कळलं का? मातीत घाल म्हनावं तो सीन! सगळीकडून पुसून टाक, पुन्हा कुनाच्या नजरंला पडाय नगं!"

बरंच बोललो. असा आवाज यात्रेच्या नाटकातही लागला नसेल. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. श्रीमंत तोंड उघडं टाकून उभा राहिला.

मोनिका जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आण्णा, फोन लागलाच न्हाई. रेंज न्हाई ओसरीवर."

आत छबूचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता, आणि तो पुन्हा सुरू होईना.

रेंज घरात एकाच जागी येते, चुलीच्या वरच्या खिडकीपाशी. तिथंच गेलो. छबू समोर पिठाचे हात घेऊन बसलेली. पुन्हा फोन लावला. या वेळी रुचानं उचलला. मघाचं सगळं भाषण पुन्हा म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण एवढ्या जवळून ती माझ्याकडे बघत असताना त्यातला एक शब्द तोंडातून निघेना.

म्हटलं, "ताई, तो सीन नका टाकू. आमच्या छबूबाईंना नको आहे. म्हणून मला पण नको."

रुचा म्हणाली, "बरं काका. सरांना काही सांगू?"

म्हटलं, "सांगा, भाकरी खायला या म्हणावं."